पाण्याला कोपरे नसतात

"ओ मॅडम! तिथंच थांबा! पुढं पाऊल टाकू नका!"

वैभवी थांबली. एक पाय कालव्याच्या काठावर, दुसरा काँक्रीटच्या उतारावर, आणि नजर खाली हेलकावे खाणाऱ्या बाटलीवर... छोट्या पुलावरून पाण्याचा नमुना घेताना दोरी तिच्या हातातून सटकली होती. बाटली वाहत जाऊन काठाच्या गवतात अडकली होती. हात पुरेल इतकी जवळ दिसत होती.

"बाटली माझी आहे," ती मागे न बघता म्हणाली.

"असेल. पण पाय मागं घ्या आधी."

हातात लांब वेळू घेतलेला एक तरुण धावत येत होता. अंगात फिकट झालेला टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. एप्रिलच्या उन्हात रापलेला चेहरा, आणि त्यात जास्तच पांढरे दिसणारे दात. कारण तो हसत होता.

"त्या उतारावर शेवाळ हाय. उतरता येतं, चढता येत नाय. मागं एक म्हैस अडकलेली, तिला काढायला क्रेन आणावी लागली. तुमच्यासाठी क्रेन कोण आणणार?"

"मी म्हशीपेक्षा हलकी आहे."

"म्हणूनच काळजी. म्हैस पोहते."

वैभवीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. पाय मागे घेतला. त्यानं पालथं पडून वेळूनं बाटली अलगद काठाला आणली, उचलली, आणि मग अगदी आपुलकीनं तिच्यातलं पाणी ओतून दिलं, आत बोटं घालून तीनदा कालव्याच्या पाण्यानं विसळली, टी-शर्टाला पुसली आणि पुढे केली.

"घ्या. स्वच्छ करून दिली."

"काय केलंत हे?"

"धुतली."

"ती निर्जंतुक होती! जंतू मोजण्यासाठीच होती. तुम्ही आत बोटं घातलीत!"

त्यानं बाटलीकडे पाहिलं. मग बोटांकडे. "म्हणजे आता..."

"आता हिच्यात कालवा कमी आणि तुम्ही जास्त आहात."

"बरं, मग तपासणीत काय निघेल?"

"आगाऊपणा," वैभवी म्हणाली. "मर्यादेपेक्षा जास्त."

तो इतक्या मोकळेपणी हसला, की पलीकडच्या ताडावरचा कावळा उडाला.

त्याचं नाव अंकुश. बोईसरजवळच्या माहीम गावच्या पानवेलीच्या वाडीतला मुलगा. बोईसरच्या एका शाळेत पी.टी.चा सर. सुट्टी लागली की कारखान्यातल्या कामगारांची मुलं उकाड्यानं हैराण होऊन या कालव्यात उड्या मारतात, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ काठानं फिरायचा. शिट्टी वाजवून त्यांना बाहेर काढायचा. कालव्याचं पाणी वरून शांत दिसतं, पण धरणातून पाण्याचं आवर्तन सोडलं की एकाएकी वाढतं, आणि दोन्ही काठ असे गुळगुळीत की धरायला काही सापडत नाही. पण नुसतं 'इथं पोहू नका' म्हटलं तर मुलं ऐकत नाहीत, हेही त्याला कळत होतं. म्हणून सूर्या नदीच्या एका डोहावर त्यानं पोहण्याचा वर्ग सुरू केला होता.

वैभवी सांगोल्याकडची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत लागलेली. जिथं उन्हाळ्यात टँकर हाच मोठा जलाशय, तिथं ती वाढली होती. पाण्याविषयी तिला पुष्कळ ठाऊक होतं. पाण्यात मात्र ती कधी उतरली नव्हती.

"माझ्या डोहाचं पाणी तपासाल?" त्यानं विचारलं. "आईबाप विचारतात, केमिकल तर नाय ना. मी नाय म्हणतो. पण माझ्या म्हणण्याला काय किंमत?"

"एका अटीवर. बाटलीला हात लावायचा नाही."

"बोलू तरी शकतो ना बाटलीशी?"

"बाटलीशी नको," ती म्हणाली... आणि उरलेलं वाक्य तिनं गिळलं.

डोह एमआयडीसीच्या बराच वर, डोंगराकडच्या बाजूला होता. दोन्ही काठांना जांभळाची झाडं, मध्ये हिरवट, संथ पाणी, एका बाजूला वाळूचा उतार. वैभवीनं रविवारी भल्या सकाळी नमुने घेतले, बर्फात ठेवले, इन्क्युबेटरमध्ये जंतू वाढायला लावले, आणि जमेल त्या सगळ्या चाचण्या केल्या. मालकांनी मागितल्या असत्या त्यापेक्षा दोन जास्तच. मग फोन लावला.

"सर, तुमचा डोह पास झाला."

"किती मार्कांनी?"

"पोहण्यात पास. पिण्यात नापास."

"मग पोरांना सांगतो, तोंड मिटून पोहा. त्यांचे सर आयुष्यात पहिल्यांदा पास झालेत."

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. एकदा तपासून भागत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. ते खरंही होतं. पण प्रयोगशाळेत जाताना ती कधी केसात मोगरा माळत नव्हती, हेही खरं होतं.

वर्ग बघण्यासारखा असायचा. आधी अंकुश धरणावरच्या चौकीदाराला फोन करून पाणी सोडणार का ते विचारी. मग डोहात बांबू रोवून खोली बघी. खोल भागाच्या अलीकडे आडवा दोर ताणी, त्याच्या पलीकडे कुणी जायचं नाही. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. मध्येच शिट्टी वाजली की जो तो आपल्या जोडीदाराचा हात वर करी. नवशिक्यांच्या पाठीला एकेक पांढरा प्लॅस्टिकचा कॅन बांधलेला, त्यामुळे बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नसे.

वैभवी वरच्या खडकावर बसायची. पुढल्या वेळी त्याखालच्या खडकावर. मग त्याच्याही खालच्या. एके दिवशी तिची पावलं पाण्यात होती, आणि घोट्याशी बारीक मासे गुदगुल्या करत होते.

"दर रविवारी एक खडक," अंकुश ओल्या केसांतून पाणी निपटत म्हणाला. तिच्या शेजारी त्यानं पळसाच्या पानात सोललेले ताडगोळे ठेवले. "या हिशोबानं पावसाळ्यापर्यंत गुडघ्याला पाणी लागेल."

"घाई नाही मला."

"मला हाय ना." त्याचं त्यालाच जास्त बोलल्यासारखं वाटलं. "म्हणजे... पावसात डोह बंद असतो."

तिनं एक ताडगोळा तोंडात घातला. थंड, गोड पाणी जिभेवर फुटलं. मग पान त्याच्याकडे सरकवलं.

सगळं असं छान चाललेलं असताना मुलांच्या अंगावर पुरळ उठली.

आधी एकाला, मग चौघांना, मग बघता बघता निम्म्या वर्गाला. लाल, आग होणारी पुरळ. ही मुलं राहायची त्या सरावलीच्या चाळींतून एकच बोलणं सुरू झालं, नदीत केमिकल सोडतायत! कुणी म्हणालं, ती तपासणारी पोरगी सरांची मैत्रीण आहे, ती 'पास'च म्हणणार. वर्ग बंद झाला. आणि उकाडा काही बंद झाला नाही, तेव्हा मुलं पुन्हा कालव्याकडे वळली. अंकुश दिवसभर काठानं धावत राही. घसा बसला, तरी शिट्टी चालूच.

वैभवीनं डोहाचं पाणी पुन्हा तपासलं. मग पुन्हा एकदा. पाणी अगदी पहिल्यासारखं चांगलं होतं. मग पुरळ आली कुठून? तिला जेवण गोड लागेना.

ती सरावलीत गोजराबाईंच्या घरी भाड्यानं राहायची. गोजराबाई माणदेशातल्या. मुलगा कारखान्यात, सून शिवणकामावर, आणि नात सपना अंकुशच्या वर्गात. त्या संध्याकाळी गोजराबाई सपनाला पालथी झोपवून पाठीला खोबरेल चोळत होत्या.

"बघ गं, लेकराची पाठ कशी झालीय. नदीचं पाणी बाधलंय म्हणत्यात."

वैभवी वाकली. आणि वाकलेलीच राहिली. पुरळ पाठभर नव्हती. कमरेच्या वर एका चौकटीत होती. कडा सरळ. एक कोपरा तर कुणी पट्टीनं आखल्यासारखा.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "पाण्याला कोपरे नसतात."

"आं?"

"पाण्यानं झालं असतं तर हातापायांना, मानेला, सगळीकडे झालं असतं. हे कशानं तरी झालंय, ज्याला कोपरे आहेत... सपना, तुझा कॅन कुठाय?"

कॅन न्हाणीत होता. वैभवीनं त्यात थोडं शुद्ध पाणी ओतलं, झाकण लावून खळखळून हलवलं, आणि त्यात आम्ल-अल्क तपासायचा पिवळा कागद बुडवला. कागद बघता बघता गर्द निळा झाला; म्हणजे तीव्र अल्क. कॅनमध्ये आधी कसलं तरी दाहक द्रावण भरलेलं होतं. तळाशी, शिवणीत, झाकणाच्या आट्यांत ते साचून राहिलेलं, आणि पोहताना थोडं थोडं झिरपून पोरांच्या पाठीवर उतरत होतं. ज्या मुलांना कॅनची गरज उरली नव्हती त्यांना पुरळ नव्हती, हे आता तिला आठवलं.

"सापडलं व्हय?" गोजराबाईंनी विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पडला होता. कारण ते कॅन अंकुशनं आणले होते.

उद्या संध्याकाळी पालकांची बैठक होती. तिनं तोंड उघडलं, तर नदी सुटणार होती आणि अंकुश अडकणार होता. गप्प बसली, तर नदी बदनाम राहणार, आणि पोरं कालव्यात. खरं तर हा प्रश्नच नव्हता. उत्तर तिला माहीत होतं. फक्त ते उत्तर दिल्यावर तो माणूस पुन्हा आपल्याशी तसा हसेल की नाही, एवढंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिक्षानं माहीमला गेली. वाडीत पानवेलीची गार, ओली सावली होती. अंकुश पाट मोकळा करत होता. तिला पाहून त्याच्या बसलेल्या घशातूनही हसू फुटलं.

"मॅडम वाडीत? आता पानांची तपासणी?"

"कॅन कुठून आणलेत तुम्ही?"

"भंगारवाल्याकडून. का?"

तिनं सांगितलं. सगळं. कोपऱ्यापासून निळ्या कागदापर्यंत. सांगताना तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा कोरडा होत गेला, कारण तसा केला नसता तर तो फुटला असता.

अंकुश पाटाच्या बांधावर बसला.

"मी धुतलेले," तो म्हणाला. "साबण लावून, तीन-तीन पाण्यांनी. एकेक कॅन. आपल्याकडं सगळेच धुऊन वापरतात... मला वाटलं..."

"माहीत आहे. पण काही गोष्टी धुऊन जात नाहीत."

वेलींतून वारा गेला. तो मान खाली घालून बसला होता. बोटांनी ओली माती कुस्करत होता. वैभवीला वाटलं, संपलं. आता हा म्हणणार, तुम्ही सांगून टाका काय ते, आणि पाठ फिरवणार.

"बैठकीत सांगितलं असतंत तरी चाललं असतं," तो अखेर म्हणाला. "भर उन्हात इतक्या लांब का आलात?"

"चारचौघांत कळलं असतं तर तुम्हाला लागलं असतं."

"आता नाय लागलं?"

"आता फक्त मी बघतेय."

त्यानं वर पाहिलं. डोळे लाल झाले होते, पण नजर सरळ होती.

"आज तुमी बोलू नका, वैभवी. मी बोलतो." पहिल्यांदाच त्यानं 'मॅडम' म्हटलं नव्हतं.

परतीच्या रिक्षात ती त्याच एका वाक्यावर विचार करत राहिली. मी बोलतो, म्हणजे काय बोलणार? माणूस घाबरला की गोल गोल बोलतो. तिनं मनाशी ठरवलं, त्यानं टाळलं तर आपण उठायचं. मग जे व्हायचं ते होवो.

चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत माणसं जमली होती. कारखान्यातली पाळी संपवून आलेले बाप, कडेवर लेकरं घेतलेल्या आया. सगळ्यांत पुढे खंडेराव. कारखान्यात फिटर, कमी बोलणारा, पण बोलला की लोक ऐकत.

अंकुश उभा राहिला. "नदीचा काय दोष नाय," तो म्हणाला. "दोष माझा हाय. मी जे कॅन पोरांच्या पाठीला बांधले, त्यात केमिकल राहिलेलं. मी धुतले, पण ते धुण्यानं जाणारं नव्हतं. मला विचारायला पायजे होतं, मी विचारलं नाय. माफ करा."

कुजबुज झाली, मग गलका. "सरजी, बच्चों की पीठ जल गई!" मागून कुणी ओरडलं. "पी.टी. शिकवा म्हणावं, पोहणं नको!" अंकुश मान खाली न घालता ऐकत उभा होता. वैभवीच्या छातीत काहीतरी भरून आलं. अभिमान म्हणतात तो हाच असावा.

तेवढ्यात गोजराबाई उठल्या.

"वरडताय कशापायी? माझ्या न्हाणीत निळं पिंप हाय, त्याच भंगारवाल्याचा. तुमच्या घरात न्हाय? गंगूबाय, तू तर त्यातलं पाणी पितीस! मास्तरानं पोरांच्या पाठीला बांधलं ते दिसलं. आपुन पोटात घालतोय त्याचं काय?"

बऱ्याच बायका मनातल्या मनात आपापल्या पिंपाकडे धावल्या होत्या.

"उद्या सगळी पिंपं आणा," वैभवी म्हणाली. "मी तपासून देते."

"ते बरोबर आहे," खंडेराव म्हणाला. "मास्तर, तुम्ही खरं बोललात, त्याचा मान आहे. पण वर्गाचं वेगळं. तुम्ही पट्टीचे पोहणारे, तुम्हाला पाण्याचं भय नाही. पोर माझी आहे. तुमच्या भरवशावर तुमचं स्वतःचं माणूस कोण उतरणार आहे पाण्यात? ज्याला पोहता येत नाही असं?"

अंकुशनं गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. लोक वाट बघत होते.

"मी उतरते," वैभवी म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. तिचे कान तापले. 'स्वतःचं माणूस' हे शब्द आपण कुठल्या प्रश्नाच्या उत्तरात उचललेत, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. पण ते परत घ्यावेत असं काही वाटलं नाही.

"मला अजिबात पोहता येत नाही," तिनं पुढे जोडलं. "गुडघ्याच्या वर पाणी कधी लागलेलं नाही. रविवारी सकाळी या. बघायला."

रविवारी अर्धी सरावली डोहाच्या काठावर होती. कॅन केव्हाच हद्दपार झाले होते. त्यांच्या जागी सुके भोपळे आले होते. वरच्या पाड्यात भोपळ्यापासून तारपा हे वाद्य बनवणाऱ्या जिवल्यानं ते दिले होते, आणि त्यातला एकेक वैभवीनं दिवसभर पाण्यात ठेवून ते पाणी तपासलं होतं. "भोपळ्यात काय निघणार पोरी, भोपळाच," असं म्हणून जिवल्या पोट धरून हसला होता.

एक भोपळा पाठीला बांधून, सलवार-कमीज खोचून वैभवी वाळूवरून आत गेली. घोटे. गुडघे. कंबर. थंडी पाठीच्या कण्यातून वर चढली आणि तिनं समोर आलेला हात घट्ट धरला.

"आता मागं रेला," अंकुश म्हणाला. "मान सैल सोडा. माझा तळवा पाठीखाली हाय."

"मला भीती वाटते आहे."

"दिसतंय. माझ्या मनगटातलं रक्त थांबलंय."

ती रेलली. कानांत पाणी भरलं आणि जग गप्प झालं. वर जांभळांच्या फांद्यांतून आभाळाचे तुकडे दिसत होते. पाणी तिला उचलून धरत होतं. का धरतं, हे तिला शाळेपासून पाठ होतं. पण ते असं अंगभर कळतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"वैभवी," त्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखा जवळून आला, "घरी सांगितलं मी आईला."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, एक मुलगी हाय. तिला माझी चूक सापडली. ती गावभर करायच्या आधी उन्हातून येऊन मला सांगून गेली. आणि मग सगळ्या गावासमोर माझ्या भरवशावर पाण्यात उतरते म्हणाली."

"मग? आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मग पाण्यात काय पोहत बसलायस? विचार तिला."

वैभवीचं अंग ताठ झालं, पाय बुडू लागले. "हलू नका, हलू नका," तो पुटपुटला. "सैल सोडा... मी... विचारतोय, असं समजा."

"असं कसं समजू? मी गृहीत काही धरत नाही."

"बरं." तो जरा खाली वाकला. "माझ्याशी लग्न करशील?"

काठावरून गोजराबाईंचा आवाज खणखणीत आला. "काय कुजबुजताय रं? आमाला पन ऐकू द्या! भ्यालीय का पोर?"

वैभवीनं मान जराशी वळवली. काठावर सगळे माना उंचावून उभे होते. मग वर आभाळाकडे बघत तिनं स्पष्ट, मोठ्या आवाजात सांगितलं, "भ्याले नाही मावशी! हे विचारतायत, लग्न करशील का!"

काठावर गोजराबाईंनी हात कमरेवर ठेवले.

"अगं बया! मग काय म्हन्लीस?"

"हो म्हणते!"

तालुक्यात बक्षिसं मारलेला पोहणारा, कमरेभर पाण्यात उभ्या उभ्या, नाकातोंडात पाणी जाऊन खोकू लागला. काठावर हशा, टाळ्या, शिट्ट्या, सगळं एकदमच उसळलं. त्या गोंधळात त्याचे दोन्ही हात हवेत होते, आणि वैभवी तरंगतच होती.

खंडेराव हसला नाही. त्यानं तरंगणाऱ्या वैभवीकडे एकदा पाहिलं. मग खाली बसला, आणि आपल्या धाकट्या मुलीच्या पायांतल्या चपला काढू लागला.